आर्ट्सच्या पोरांचा सूर्य

चौगुले सर, मी तुमच्यावर चिडले आहे. गेल्या आठवड्यात शोकसभेत हे बोलता आलं नाही. तिथं सगळ्यांनी मिळून तुम्हाला देवमाणूस करून टाकलं होतं. म्हणून आता लिहिते. गेलेल्या माणसावर इतक्यात रागावू नये म्हणतात. म्हणू देत. स्टाफरूममध्ये मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडत आले, ते एका दिवसात कसं थांबेल?

शोकसभा आपल्या वरच्या हॉलमध्ये झाली. हार घातलेला तुमचा फोटो, शेजारी समई आणि समईशेजारी तुमची दुर्बीण. तिलाही हार घातला होता, जणू तीही गेली. प्राचार्य म्हणाले, चौगुले सरांचं अपुरं कार्य महाविद्यालय कदापि विसरणार नाही. सरांची दुर्बीण खाली प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात कायमची ठेवण्यात येईल, वर सरांचा फोटो आणि खाली नावाची पाटी. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या अर्ध्यात थांबल्या. माझ्या शेजारी पल्लवी बसली होती. कोडोलीची, टी. वाय. बी. ए. इतिहास, तुमच्याबरोबर गच्चीवर बसून सूर्यावरचे डाग कागदावर काढणारी. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, कपाटात ठिवल्यावर ऊन कुठनं येणार वो?"

मला राग आला तो प्राचार्यांचा नाही, तुमचा. तुम्ही नसलात की हे सगळं बंद पडणार, हे मी तुम्हाला जिन्यात सांगितलं, कँटीनमध्ये सांगितलं, परीक्षेच्या सुपरव्हिजनला वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलं. तुमचं दर वेळी एकच, "होतंय की वो मॅडम." काय झालं, सर?

सुरुवात तुम्हीच केली होती. तुम्ही फिजिक्सचे, मी मराठीची, आपलं बोलणं खरं तर चहापुरतं. एक दिवस तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "अक्का, तुमची पोरं द्या की जरा." तुम्ही शिरोळकडचे. काही पदरात पाडून घ्यायचं असलं की तुमच्या तोंडी 'अक्का' यायचं, एरवी 'मॅडम'. मी विचारलं, तुमच्या सायन्सची पोरं कुठं गेली?

"त्यास्नी उत्तर आधीच ठावं असतंय. मागल्या वर्षाचं जर्नल बघत्यात आणि आकडं मागनं बसवत्यात. मला उत्तर ठावं नसलेली पोरं पायजेत."

"म्हणजे अडाणी?"

"व्हय. सूर्याच्या बाबतीत मी बी अडाणीच हाय."

मग तुम्ही बेत सांगितलात. सूर्यावरचे डाग वाढतात, कमी होतात, आणि हा फेरा साधारण अकरा वर्षांचा असतो. तो अख्खा फेरा आपल्या कॉलेजच्या गच्चीवरून बी. ए. आणि बी. कॉम.च्या पोरांनी रोज मधल्या सुट्टीत कागदावर उतरवायचा. मी हसले. म्हटलं, बी. ए. तीन वर्षांचं असतं हो. तुम्ही म्हणालात, "एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं." हे वाक्य तुमचं आहे, लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

मी आणखी खोड काढली होती. खगोलशास्त्र म्हणजे तारे ना, आणि तारे म्हणजे रात्र ना? तर तुम्ही म्हणालात, "पोरींची शेवटची एसटी गेली म्हंजे घरचे परत कॉलेजला धाडतील व्हय? आणि मला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय." तुमच्या जैन घरातला नियम. पोरींची एसटी आणि तुमचं जेवण, एवढ्या दोन कारणांनी आपल्या कॉलेजनं अख्खं आकाश सोडून सूर्य निवडला. मला ते तेव्हाच आवडलं होतं, पण तुम्ही डोक्यावर बसाल म्हणून बोलले नाही.

पहिल्या वर्षी तर तुम्ही माझी अब्रूच घालवलीत. मी वर्गात मोठं भाषण ठोकून पोरं गच्चीवर पाठवली. तिथं बुटक्या तिवईवर दुर्बीण, तिच्यामागं फळीवर टाचलेला पांढरा कागद आणि त्या कागदावर पुरीएवढं उजेडाचं गोल. नियम एकच, पण तो कडक: दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कागदावर पडलेला सूर्य बघायचा. डाग दिसला तर दिसेल तिथं पेन्सिलनं काढायचा. आणि डागच नव्हते! सूर्य तेव्हा नेमका शांत होता. पोरं रोज यायची, गोल काढायची, खाली 'डाग नाही' लिहायची आणि जायची. एकानं मला येऊन विचारलं, "मॅडम, नुसता गोल काढाय आम्ही काय बालवाडीत हाय का?" मी ते तुमच्याकडं पोचवलं. तुमच्या घरी लग्न असल्यासारखा तुमचा चेहरा. "शांत असतानाच सुरुवात झाली, नशीब आपलं. आता चढताना बघाय मिळंल!" निम्मी पोरं गळाली तरी तुमचा आनंद काही उतरला नाही.

त्यातच दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडं जो तो आपली हत्यारं पुजतो. शेतकरी विळा-खुरपं पुजतो, फौंड्रीवाला मशीन पुजतो, रिक्षावाला रिक्षा. उरलेल्या पोरांनी तुमच्या मागं दुर्बीण पुजली. झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं, आणि जिथं जिथं म्हणून लावता येईल तिथं लावलं. सुट्टीनंतर गच्चीवर एकच ओरडा! डाग! सूर्यावर डाग! मी स्वतः स्टाफरूममध्ये मिरवून आले की आमच्या मराठीच्या पोरांना सापडला. तुम्ही कागदाकडं बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "काढा. रोज काढा."

ते तसं दोन-तीन दिवस चाललं. मग आजऱ्याची वैशाली बोलली. हॉस्टेलला राहणारी, माझ्या वर्गात हजेरीच्या 'प्रेझेंट'पलीकडं कधी तोंड न उघडलेली. दुर्बीण हलवायची थांबलं की सूर्य हळूहळू कागदावरून सरकत जातो, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. ती म्हणाली, "सर, सूर्य चालला आणि डाग हितंच बसलाय. ह्यो डाग सूर्याचा न्हाय. आपला हाय."

तुम्ही दुर्बिणीच्या मागच्या टोकाचं भिंग काढून तिच्या हातात दिलंत. त्यावर कुंकवाचा कण होता. तुमच्या पोरीच्या लग्नात तुम्ही जेवढे खूश दिसला नाहीत, तेवढे त्या दिवशी होतात. सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेलात आणि स्वतः नुसता चहा पीत बसलात.

मी मात्र तुम्हाला गाठलं. म्हटलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?

"व्हय."

"मग मला का मिरवू दिलंत?"

"मी कुठं मिरवाय सांगितलं तुम्हास्नी?" आणि मग जरा मऊ होऊन, "मी सांगितलं असतं तर कुंकू पुसून पोरं मोकळी झाली असती, अक्का. आता वैशाली जन्मभर आधी आपली काच पुसंल, मगच दुसऱ्याला डाग लावंल."

चहा घेऊन मी माझ्या टेबलाशी गेले. पुढं त्या वैशालीनं माझ्या वर्गात हात वर करून एका जुन्या वर्णनाबद्दल विचारलं, "मॅडम, हे लिहिणाऱ्यानं स्वतः बघितलंतं, का ऐकून लिवलंय?" इतकी वर्षं मी ते वर्णन शिकवत होते, मला कुणी हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून तुमच्या गच्चीवरून येणाऱ्या पोरांना शिकवणं अवघड झालं. खाली-वर बघत वाक्यं उतरवून घेणारी पोरं बरी वाटायला लागली. हे तुमचे उपकार. तोंडावर कधी मानले नाहीत, ते आज मानते.

पण माझं भांडण वेगळं आहे, आणि ते इथून सुरू होतं. कोरोनात कॉलेज बंद झालं आणि तुम्ही दुर्बीण घरी नेलीत. ठीक आहे, तुमच्या गच्चीवरून तुम्ही रोज सूर्य काढलात, खाडा पडू दिला नाहीत. पण कॉलेज उघडल्यावर ती परत आलीच नाही. रोज सकाळी जुन्या चादरीत गुंडाळून स्कूटरवर आणायची, दुपारी परत न्यायची. गच्चीवर मांडणार तुम्ही, सूर्याकडं रोखणार तुम्ही, भिंग बसवणार तुम्ही, आवळणार तुम्ही. पोरांनी हात लावायचा तो फक्त कागदाला. ज्या माणसानं वैशालीच्या हातात भिंग काढून दिलं होतं, त्याच माणसाच्या दुर्बिणीपासून आता पोरांनी दोन हात लांब उभं राहायचं. का, तर स्क्रू सैल होतो.

मी तुम्हाला जिन्यात अडवून विचारलं होतं, "एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणालात ना? काय द्यायचं, पेन्सिल?" तुम्ही म्हणालात, पोरं दोन-तीन वर्षांत जातात, त्यांना शिकवून उपयोग काय? मी म्हटलं, मग सगळं पोरांवर उभं केलंत कशाला? पल्लवीला शिकवा, म्हटलं, हुशार आहे. "लेन्स हलली तर?" हलली तर हलली! कुंकू चाललं आणि पल्लवीचा हात चालत नाही? त्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "होतंय की." चिडून चिडून माणूस किती चिडणार?

बरं, निदान झालेलं काम कुठंतरी पाठवा, म्हटलं. सूर्य आता डागांनी भरून आला होता, पोरांना कागद पुरत नव्हता. उचगावचा सौरभ, बी. कॉम.चा, दिवाळीच्या सुट्टीतले कोरे दिवस मोबाइलवर सूर्याचे फोटो बघून भरून आला होता, "मोकळं बरं दिसंना" म्हणून. त्याच्यावर तुम्ही ओरडला नाहीत. प्रत्येक कागदावर त्याच्याच हातानं 'बघितलं नाही' लिहून घेतलंत. एवढं स्वच्छ काम! चार लोकांनी बघितलं असतं, पोरांची नावं छापून आली असती, तर आज कुणाची छाती झाली असती का दुर्बीण कपाटात घालायची? पण नाही. "फेरा पुरा होऊ द्या, मग बघू." निम्म्याहून थोडा जास्त झाला आणि तुम्हीच निघालात.

आणि आजाराचं? तुम्ही मला पित्त सांगितलंत. रजा काढून मिरजेला दवाखान्यात जायचात, ते पुतणीकडं जातो म्हणून. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून चपलेचा अंगठा नीट करायचात. मला वाटलं गुडघे असतील. मी उलट चिडवलं, की चौगुले सर, सूर्य मावळेल तुम्ही पोचेपर्यंत. परवा वहिनींना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नको म्हटलंतं. कळलं की सगळी मिळून घरी बसवतील म्हणाले, पोरांचा खाडा पडंल." मी वहिनींचा हात धरून रडले, आणि रडता रडता तुमच्यावर इतकी संतापले, की त्यांनीच मला पाणी आणून दिलं. खाडा पडेल! अहो, तुम्ही कायमचा खाडा पाडून गेलात. महिनाभर आधी सांगितलं असतंत, तर त्या महिन्यात पल्लवी सगळं शिकली असती. मीसुद्धा शिकले असते, मराठीची असले तरी. आणि तुमच्याशी जरा नीट बोलले असते. तुमच्याशिवाय स्टाफरूम फार शहाणी झाली आहे, सर. कुणी कुणाशी भांडत नाही. मला करमत नाही तिथं.

असो. काल मी प्राचार्यांकडं गेले. दुर्बीण त्यांच्या केबिनमध्ये कोपऱ्यात उभी, अजून हार तसाच, सुकलेला. मी म्हटलं, ही पोरांना द्या, कपाट नको.

"मॅडम, खुळ्यागत करू नका," ते म्हणाले. "सायन्सवाले मागत न्हाईत आणि तुम्ही मागालाय? तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"काही नाही. पोरांना कळतं."

"आर्ट्सच्या पोरांना?"

"हो, आर्ट्सच्या."

ते वाईट नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ते घाबरतात. म्हणाले, "उद्या एखाद्या पोराचा डोळा गेला तर मला फाडून खातील. चौगुले होते तवा चौगुल्यांची जबाबदारी होती. आता कोण घेणार?" त्यांचं चुकलं नव्हतं, आणि तेच मला टोचलं. तुम्ही सगळी जबाबदारी तुमच्या एका अंगावर घेऊन बसलात, ती तुमच्याबरोबर चितेवर गेली. मी तिथंच कागद मागून घेतला आणि लिहून दिलं की मी घेते. गच्चीवर रोज मी हजर राहीन, एकही पोरगं दुर्बिणीला डोळा लावणार नाही. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "कपाट तयार होईपर्यंतच हं. सुताराला सांगितलंय."

एवढंच मिळालं, सर. कपाट होईपर्यंत. सुतार आपल्याच गावचा आहे, म्हणजे पुढची दिवाळी तरी निघेल, पण हे काही जिंकणं नव्हे. त्यानंतर पुन्हा जाईन, पुन्हा भांडीन. तुमच्यामुळं माझ्या म्हातारपणाची सोय झाली.

आज मधल्या सुट्टीत आम्ही वर गेलो. पल्लवी, सौरभ, आणखी चार-पाच जण आणि मी. तिवई मांडली, कागद टाचला. आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. दुर्बीण सूर्याकडं रोखायची कशी? कुणी कधी रोखलीच नव्हती! सौरभ नळीच्या मागं वाकून नेम धरायला गेला, तशी पल्लवी किंचाळली, "ए, डोळा लावू नगंस!" मीही ओरडले. माझ्या सहीचा कागद डोळ्यांपुढं आला आणि मी सौरभला खांद्याला धरून मागं ओढलं. नळी इकडं वळव, तिकडं वळव, कागद आपला पांढरा तो पांढराच. ऊन सगळीकडं सांडलेलं आणि आम्हाला सूर्य सापडत नव्हता. सुट्टी संपत आली. मला वाटलं, जाऊ दे, घेऊन जावी खाली आणि द्यावी त्यांच्या कपाटात. तुम्ही समोर असतात तर काय काय बोलले असते, कुणास ठाऊक.

तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "थांबा. सर नळीकडं बघतच नव्हते. खाली बघायचे."

"खाली काय?" सौरभनं विचारलं.

"सावली. नळीची सावली बारीक बारीक होत आली की थांबायचे."

दोघं गुडघ्यावर बसले. एकानं नळी धरली, एकीनं फरशीवरची सावली. जरा वर. जास्त झालं. खाली. डावीकडं घे की. लांबलचक सावली आखडत आखडत नळीच्या तोंडाएवढी गोल झाली आणि कागदावर एकदम सूर्य आला. स्क्रू पल्लवीनं आवळला, सैल राहिला तो पुन्हा आवळला. लेन्स हलली नाही, सर. कडेला डागांचा एक पुंजका होता, चांगला ठसठशीत. तुम्ही दोन हात लांब ठेवलेल्या पोरांनी तुमचे हात रोज बघितले होते, आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला रडूही येत होतं आणि तुम्हाला धरून हलवावंसंही वाटत होतं.

मला राहवलं नाही. नीट बघावं म्हणून मी फिरून पुढं गेले आणि वाकले. कागदावरचा सूर्य गेला.

"मॅडम, बाजूला व्हा की," पल्लवी पेन्सिल हातात धरून म्हणाली. "सूर्यासमोर उभारलाय तुम्ही."

मी बाजूला झाले. पोरांनी डाग काढायला घेतले.

एवढंच करायचं होतं हो सर तुम्हाला. एवढंच.